सदर मुलगी आमच्या परिचयाची आहे

आमच्या धावड्यात डॉक्टर व्हायला कुणाची शिफारस लागत नाही. नीटचा पेपर 720 मार्कांचा. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकलं की एक जातो. पोरगं गुणी आहे की उनाड, याची चौकशी कुणीच करत नाही. लागतात ते दाखले : अधिवास, उत्पन्न, जात, जातवैधता, नॉन-क्रिमिलेयर. भोकरदनच्या खेपा घालून बापाच्या चपला झिजतात, पण चारित्र्य सुरक्षित राहतं. 2024 साली जालन्यात 100 जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हापासून ओट्यावर मिरचीच्या भावाखालोखाल कटऑफचीच चर्चा.

अशा ओट्यावर मी फोन स्पीकरवर टाकला. न्यू जर्सीहून पुतण्या बोलत होता. "काका, पोरीला मेडिकलला अर्ज करायचाय. शिफारसपत्रं लागतात. उन्हाळ्यात ती आपल्या गावच्या डॉक्टरांजवळ बसली होती ना, ते देतील का एखादं?"

तिकडं आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल. बहुतेक कॉलेजांना विज्ञानाचे दोन प्राध्यापक लागतात, एखादा दुसऱ्या विषयाचा, शिवाय कुणी डॉक्टर असला तर बरं. नेहमीच्या सामायिक अर्जाला जास्तीत जास्त दहा पत्रं जोडता येतात. दहा हा आकडा ऐकला आणि मंडळी सावरून बसली.

"सरपंचाचं घ्या, गोल शिक्क्यासकट." "पोलीस पाटलाचं पाहिजेच, नसता गुन्हे नाहीत हे कोण सांगल?" एकानं तर एका माजी पुढाऱ्याची सही असलेलं कोरं लेटरपॅड घरात असल्याचं कबूल केलं. कशासाठी ठेवलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

माझ्याकडंही नजरा वळल्या. मी निवृत्त हेडमास्तर. "सदर विद्यार्थी माझ्या परिचयाचा असून त्याची वर्तणूक चांगली आहे" हे वाक्य मी उभ्या नोकरीत पहिल्या नंबराच्या पोराला दिलं आणि शाळेचे बल्ब फोडणाऱ्यालाही दिलं. या वाक्यानं कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही, पण कुणाचं वाटोळंही झालं नाही. दाखल्याकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

मग पुतण्यानं बॉम्ब टाकला. पत्र पोरीनं वाचायचं नाही! वाचायचा हक्क कायद्यानं आहे, पण तो सोडला असं तिनंच आधी कबूल करायचं. नाही सोडला तर कॉलेजवाल्यांना पत्राचा भरवसा वाटत नाही.

"म्हणजे मतदानच की," सोसायटीचे माजी चेअरमन म्हणाले. "तोंडावर हो म्हणायचं अन् आत जाऊन दुसरंच बटण दाबायचं." गावाचा उत्साह तिथंच निम्मा झाला. ज्याची झेरॉक्स काढून दाखवता येत नाही, ते पत्र द्यायचं तरी कशाला?

मला आपल्या आनंदीबाई आठवल्या. बायकोला अमेरिकेत शिकवायचं म्हणून गोपाळराव जोशींनी रीतसर वजनदार माणूस गाठला : मिशनरी वाइल्डर. त्यांनी धर्म बदलण्याची अट सुचवली आणि पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. शिफारस राहिली बाजूला, जाहिरात झाली. पण तो अंक रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दातांच्या डॉक्टरकडं नंबर लागेपर्यंत वाचला आणि थेट पत्र धाडलं. 1883 साली आनंदीबाई बोटीनं गेल्या त्या याच बाईंच्या घरी. फिलाडेल्फियाच्या कॉलेजाला अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, आणि 1886 साली डॉक्टर झाल्या. रोझेलही न्यू जर्सीतच. कामाला आली ती दाढदुखी. वजनदार माणूस नव्हे. हे मी ओट्यावर सांगितलं, तर चेअरमन म्हणाले, "मंग पोरीला दातवाल्याकडंच बसवा."

शेवटी गावच्या डॉक्टरांनाच गाठलं. नात महिनाभर त्यांच्याकडं रक्तदाबाचे आकडे लिहायची, आणि म्हाताऱ्यांच्या सुनांबद्दलच्या तक्रारी दुखणं समजून शांतपणे ऐकायची. डॉक्टरांनी हे सगळं पाहिलेलं. सरपंचाला मात्र तिचा चेहराही आठवत नव्हता, तरी "अत्यंत हुशार व मनमिळाऊ" लिहायला तो तयार होता.

डॉक्टरांनी पत्र परस्पर ऑनलाइन पाठवलं. काय लिहिलं विचारलं तर हसतात आणि माझाच रक्तदाब तपासतात. धावड्यात आजवर एवढी एकच गोष्ट गुप्त राहिली आहे. वाचकांपैकी कुणाची डॉक्टरांशी सोयरीक असेल तर त्यांनी जरा कानोसा घ्यावा आणि ओट्यावर कळवावं.