पावणेनऊ मुहूर्त

मुंबई सोडून पुण्याकडे येणाऱ्यांत एक जात अशी असते की ती राहायला येत नाही, राहायला येण्याची तयारी करते. भूगाव, भुकूम, पिरंगुट, घोटावडे फाटा या आमच्या पट्ट्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत उभ्या राहिलेल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ सापडतो. वय साठीच्या पुढे. नोकरी बँकेत, एलआयसीत नाहीतर पोस्टात झालेली. मुलगा हिंजवडीत. चष्मा दोरीला, मोजपट्टी खिशात आणि काखेत लांब वही. खरं नाव काहीही असो, सगळे त्याला नाना म्हणतात. आमच्या इमारतीतले नाना चौथ्या मजल्यावर असतात. ते गिरगावातून आले, आणि त्यांच्याबद्दल लिहिलं की बाकीच्या नानांबद्दल वेगळं लिहायची गरज उरत नाही.

नानांनी भुकूमला घर घेतलं ते नकाशा बघून. मुलाचं ऑफिस हिंजवडीत, हिंजवडी मुळशी तालुक्यात, भुकूमही मुळशी तालुक्यातच. एका तालुक्यातल्या दोन गावांत अंतर असून असून किती असणार? मुलगा हल्ली रोज सकाळी घोटावड्यावरून जावं की चांदणी चौकातून, या विचारात दाढी करतो आणि वडिलांशी या विषयावर बोलत नाही. गिरगावात मात्र नानांनी सगळ्यांना ‘पुण्याला चाललो’ असंच सांगितलं होतं. ते कोथरूडच्या मेहुण्यांनी दुरुस्त केलं. ‘नाना, पुणं चांदणी चौकात संपतं. तुम्ही मुळशीला चाललात.’ मग नानांनी करारनामा काढून पाहिला. पिन कोड 411 ने नव्हे, 412 ने सुरू होत होता. शेजारचं बावधन बुद्रुक आणि सूस 2021 साली पुणे महापालिकेत गेलं, भुकूम ग्रामपंचायतीतच राहिलं. नानांनी वहीत एक रकाना वाढवला : ‘महापालिका – केव्हा?’ तो अजून रिकामा आहे.

वहीबद्दल सविस्तर सांगायला हवं. दोनशे पानी, कापडी बांधणीची, बँकेत नाना जशी ठेवत तशीच. घरातल्या प्रत्येक वस्तूला अनुक्रमांक, लांबी-रुंदी-उंची, खरेदीचं साल, आणि शेवटी निकाल : ‘न्यावे’, ‘द्यावे’, ‘विचार करावा’. पाचशेच्या वर नोंदी होत्या आणि त्यातल्या बहुतेकांचा निकाल तिसरा होता. तांब्याचा बंब – विचार करावा. पाटा-वरवंटा – विचार करावा. नळाचे जुने वायसर, डबाभर – न्यावे. सत्तर सालापासूनच्या दिवाळी अंकांचे गठ्ठे – न्यावे, आणि त्यापुढे नानींच्या अक्षरात ‘का?’ खोक्यांना सांकेतिक नावं होती : ‘स्व’ म्हणजे स्वयंपाकघर, ‘दे’ म्हणजे देव, ‘कि’ म्हणजे किरकोळ. ‘स्व’ची नऊ खोकी झाली, ‘दे’चं एक आणि ‘कि’ची एकतीस. कुठल्याही संसाराची फोड बहुधा याच प्रमाणात निघते.

नानांचं म्हणणं, मुहूर्त चुकवून घर हलवायचं नाही. वर्षाला मुहूर्त साडेतीन. गुढीपाडव्याला निघायचं ठरलं तर भंगारवाला कबूल करून आला नाही. अक्षय्य तृतीयेला देवगडची पेटी आढीत होती, आणि पिकायला आलेला हापूस हलवायचा नसतो. दसऱ्याला पॅकर्सवाल्यांनी दर चढवले. दिवाळीच्या पाडव्याला जावई आले. मधल्या दिवसांत पितृपक्ष, चातुर्मास आणि पौष आपापली कामं चोख करत होते. अडीच वर्षं अशी गेली. त्रैराशिक मांडलं तर नानांनी पावणेनऊ मुहूर्त घालवले, आणि तो पाऊण मुहूर्त कुठला, हेही ते कारणासकट सांगू शकतात.

या अडीच वर्षांत सरकारनंही त्यांच्याशी दगाफटका केला. टेम्पो कुठून कसा यायचा, याचा नकाशा नानांनी वहीच्या मधल्या जोडपानावर काढला होता. चांदणी चौकातला पूल त्यात लाल शाईनं होता. 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री तो पूल स्फोट करून पाडला. सारा महाराष्ट्र टीव्हीवर ते कौतुकानं बघत होता. गिरगावात एक माणूस एकटाच ‘अरे, अरे!’ म्हणत होता. पुढच्या ऑगस्टात तिथे नवा पूल आणि रॅम्पचं जाळं सुरू झालं. नानांनी ते वहीत काढायचा प्रयत्न केला, पण एका कागदावर मावेना.

मग त्यांनी ताम्हिणीचा रस्ता काढला. मुंबई-गोवा रस्त्यानं माणगाव, तिथून निजामपूर, विळे, ताम्हिणी घाट, मुळशी धरणाच्या कडेकडेनं पौड, पिरंगुट आणि भुकूम. अंतर बरंच जास्त, पण द्रुतगती मार्गाचा टोल वाचतो. डिझेलचा हिशेब कुणी विचारला नाही, म्हणून त्यांनी सांगितला नाही.

जागेची पाहणी हा आणखी एक अध्याय. नाना प्रत्येक ऋतूत येऊन गेले. उन्हाळ्यात येऊन पाण्याचं विचारलं. ‘पाणी भरपूर,’ विक्री कार्यालयातला मुलगा म्हणाला, आणि त्याच वेळी मागून टँकर आत शिरला. पावसाळ्यात येऊन रस्त्याकडेच्या टपरीवर विचारलं, ‘इथे पाऊस फार का हो?’ टपरीवाला गुडघाभर चिखलात उभा होता. म्हणाला, ‘इथं कुठला पाऊस? पाऊस म्होरं, ताम्हिणीला.’ ही मुळशीची जुनी रीत आहे. पिरंगुटचा माणूस पौडकडे बोट दाखवतो, पौडचा ताम्हिणीकडे, आणि ताम्हिणीतल्याला बोलायला उसंत नसते. नानांनी लिहिलं : ‘पाऊस – बेताचा.’ नंतर त्यांनी इमारतीचं दार मोजलं, लिफ्ट मोजली, बेडरूमची चौकट मोजली. लोखंडी कपाट तिन्हींतून दोन-दोन बोटं सोडून जात होतं. वहीतल्या या एका पानावर नाना मनापासून खूश होते.

नानी यात कुठे होत्या? त्या गाठोडी बांधत होत्या. खोक्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. जुन्या साड्या काढून एकेका साडीत एकेक संसार बांधायचा त्यांचा क्रम होता. डाळी-कडधान्यं मोरपिशीत, रोजची भांडी चौकड्यांच्या पाचवारीत, बरण्या सासूबाईंच्या नऊवारीत (कारण ती पुरते), आणि पहिल्या दिवशी लागणारं सगळं, म्हणजे चहा, साखर, पोळपाट, काडेपेटी, लग्नातल्या पिवळ्या साडीत. ‘अगं, नंबर तरी टाक,’ नाना म्हणायचे. ‘अहो, साडी ओळखते मी,’ एवढंच उत्तर. देव टेम्पोत घालायचे नाहीत, ते मांडीवरून न्यायचे, हा ठरावही त्यांचाच. त्यामुळे ‘दे’ या खोक्यात शेवटी वायसर गेले.

नाना अजूनही तयारीच करत असते. पण चाळीचा पुनर्विकास आला, बिल्डरनं खोल्या रिकाम्या करायची तारीख दिली, मुलानं टेम्पो ठरवला, आणि घर हलायचं ठरलं ते आषाढात. जुलै 2024 चा शेवटचा आठवडा. त्याच आठवड्यात ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. पुणे शहरात एवढा पाऊस पडायला जवळपास सगळा पावसाळा जातो. नानांनी चालकासमोर जोडपान उघडलं. चालक साताऱ्याकडचा होता. ‘काका, ताम्हिणी नको. दरड येती,’ म्हणाला आणि गाडी सरळ द्रुतगतीला घातली. सामान चढवणाऱ्या पोरांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यामुळे ‘स्व’, ‘दे’, ‘कि’ अशी एकेचाळीस खोकी एकाच भाषेत चढली आणि उतरली. नाना ओरडत होते, ‘भैया, ये संभालके, इसमें काचका बरणी है!’ बरण्या नऊवारीत होत्या, त्या खोक्यात दिवाळी अंक होते.

चांदणी चौकात रॅम्प चुकला. वारज्यापर्यंत जाऊन वळून यावं लागलं. मेहुण्यांचं कोथरूड नानांनी त्या दिवशी दोन्ही बाजूंनी पाहिलं.

टेम्पो भुकूमला लागला तेव्हा वीज गेलेली होती. लिफ्ट बंद. जनरेटर पाण्याच्या पंपापुरताच. कपाट चार जिने चढवायचं, आणि जिना तेवढा नानांनी मोजला नव्हता. पहिल्या वळणावरच कपाट अडकलं. वर जाणारे वर, खाली येणारे खाली आणि मधे गिरगावचं कपाट. नाना घाम पुसत म्हणाले, ‘कसलं गाव हे! दुपारपासून वीज नाही.’ शेजारी दूधवाला किटली घेऊन खोळंबला होता. मुळशी धरणाच्या अंगचा, साठीचा माणूस. शांतपणे म्हणाला, ‘काका, मुळशीची वीज मुंबईला जाती. तुम्ही येताना थोडी आणायची व्हती.’

त्याचं खोटं नव्हतं. मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याला उतरतं, तिथे टाटांचं वीजगृह आहे, आणि तिथली वीज 1927 पासून मुंबईकडे जाते. गिरगावात नानांच्या वडिलांचा पंखा त्यातल्याच थोड्याशा पाण्यावर फिरला असणार. त्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातली गावं गेली. 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यापासून. ते आणि त्यांचे साथी तुरुंगात गेले, धरण झालंच. घर हलवण्याच्या नियोजनात या तालुक्याला कुणी धडे द्यावेत असं नाही, एवढंच मला म्हणायचंय. दूधवाल्याच्या आज्याचं घर त्या पाण्याखाली आहे, हे त्यानं किटली दुसऱ्या हातात घेता घेता सांगितलं.

आता इथे कुणीही हळहळला असता. नाना क्षणभर गप्प झाले, मग चष्मा वर करून म्हणाले, ‘मग सामान कसं नेलं हो? गाड्या किती लागल्या?’

दूधवाल्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. ‘बैलगाडी येक. मावलं तेवढं.’

‘एकच?’ नाना म्हणाले. त्या आवाजात इतका खरा आदर होता की दूधवाल्यानं किटली ठेवली, चप्पल काढली आणि कपाटाला खांदा दिला. त्यानं कपाट आडवं न घेता उभं करून, दारं काढून फिरवलं. दहा मिनिटांत ते चौथ्या मजल्यावर होतं. तोवर नानींनी पिवळी साडी सोडली होती. नव्या घरात दूध उतू घालवायचं असतं, पण गॅसचं कनेक्शन अजून गिरगावच्या एजन्सीच्या कागदांत अडकलेलं. त्यांनी पातेलं उचललं, देव मुलाच्या हातात दिले, तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे आल्या आणि आमच्या शेगडीवर त्यांचं दूध उतू गेलं. शेगडी मी पुसली.

खोकी दिवाळीपर्यंत बंद होती. ‘कि’ची त्यातली निम्मी अजूनही बंद आहेत आणि आतलं काही अडलेलं नाही. पण वही मात्र जोरात आहे. मतदार यादीसाठी फॉर्म 8, आधारवरचा पत्ता, गॅस, बँक या सगळ्याला स्वतंत्र पानं आहेत. सोसायटीनं नानांना टँकर समितीवर घेतलं. टँकर किती वाजता आला आणि टाकी किती बोटं भरली, हे आता सुवाच्य अक्षरात उपलब्ध असतं. कोथरूडच्या मेहुण्यांना ते फोनवर सांगतात, ‘तुमच्या पुण्यात काय ठेवलंय? आम्ही मुळशीकर.’

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाची हैदराबादला बदली झाली. नाना सकाळी सातला वही घेऊन त्याच्या दारात हजर. आत सामान होतं दोन बॅगा आणि एक गिटार.

‘बाकीचं?’ नानांनी विचारलं.

‘बाकीचं भाड्याचं होतं काका. पलंग, फ्रिज, सगळं काल घेऊन गेले.’

‘आणि पोळपाट-लाटणं?’

‘तिथे मागवीन.’

नाना बराच वेळ दोन बॅगांकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, गिटारच्या बाजूला गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, ‘विमानात नेणार ना? धर हे टोक.’