चार बोटं वर

चेनमधून जरा आवाज येतोय, एवढंच मी बोललो होतो. तेही फोनवर, मेहुण्याशी. पण आण्णा नेमके फाटकाबाहेर होते. पाचव्या मिनिटाला चौकोनी पाइपचं काहीतरी खांद्यावर टाकून हजर. "आदी उचलून तर घेऊया की!"

असे एक आण्णा तुमच्याही गल्लीत असणार, त्यामुळे ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. फक्त त्यांना मेकॅनिक समजू नका. मेकॅनिक दुरुस्त करायला गाडी उचलतो. आण्णा उचलायला उचलतात. मागचं चाक जमिनीवरून सुटलं की खाली बसायचं आणि चाकाखाली डाव्या हाताची बोटं आडवी सरकवायची. चार बसली की काम फत्ते. तीन बसली तर "अजून जमिनीची माया सुटली न्हाई". पाच बसली तर "जास्त झालं, उतरव". त्यापुढे चेनचं काय, ब्रेकचं काय, असं विचारणं म्हणजे अक्षता पडल्यावर नवरदेवाचा पगार विचारणं.

यातल्या करंगळीचं टोक फार पूर्वी एका जॅकने खाल्लंय. म्हणजे हिशेबाने ती पावणेचार बोटं. पण हे बोलायचं नाही. बोललात तर महाभारत काढतात. "धर्मराजाचा रथ जमिनीपास्नं चार बोटं वर चालायचा, ठाऊक हाय न्हवं? मग? डबल स्टँड काय कंपनीनं काढलाय?"

कंपन्यांवर त्यांचा राग आहे, आणि खरं सांगायचं तर तो बरोबर आहे. पूर्वी बुलेट घ्या, येझदी घ्या, राजदूत घ्या, डबल स्टँड पोटाखाली असायचाच. आता दोन-दोन लाखांच्या गाड्या बगळ्यासारख्या एका पायावर उभ्या. पुस्तकात छापतात, दर 500 किलोमीटरला चेनला तेल द्या. तेल द्यायला चाक फिरावं लागतं, चाक फिरायला ते हवेत लागतं, आणि ते हवेत न्यायचं कसं, यावर पुस्तक मौन पाळतं. वजन वाचवायला स्टँड काढला म्हणे. "मग वर बसणाऱ्यानं एक मिसळ कमी खावी की," आण्णा म्हणतात.

त्यांची हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेली. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत सगळं ओतणाऱ्या-कातणाऱ्या त्या वस्तीत भंगार नावाची चीज नसते. असतो तो पुढच्या वस्तूचा कच्चा माल. त्यामुळे आण्णांच्या पत्र्याच्या शेडमध्ये पलंगाच्या लोखंडी अँगलचा स्टँड आहे, दवाखान्यातल्या ट्रॉलीची चाकं लावलेला स्टँड आहे, मोडीत गेलेल्या मारुती 800 चा जॅक फळीवर ठोकून केलेला स्टँड आहे. आढ्याला चेन कुप्पी टांगलेली आहे. तिने एकदा एक बुलेट उचलली. बुलेट जेमतेम वीतभर आली, आढं मात्र बरंच खाली आलं.

पण या सगळ्यांत मोठा पराक्रम न्हाव्याच्या खुर्चीचा. चौकातल्या सलूनने फर्निचर बदललं तेव्हा आण्णांनी जुनी खुर्ची उचलून आणली, वरची गादी काढून फेकली आणि पायडल मारलं की वर जाणाऱ्या त्या हायड्रॉलिक खांबावर लोखंडी ताट जोडलं. पहिला मान ड्रॉइंगच्या सरांच्या स्प्लेंडरला. गाडी 110 किलोंच्या आसपास. खुर्चीने त्याहून वजनदार गिऱ्हाइकं बघितली होती. चार पायडलांत स्प्लेंडर वर गेली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. आणि मग ती गोल फिरायला लागली. न्हाव्याची खुर्ची फिरते, हे आण्णा विसरले होते. ते बोटं घालून बघायला वाकले, तोवर चाक तिथून निघून गेलेलं. सायलेन्सरने चहाचे तीन कप नेले. हँडल सरांच्या बरगडीत बसलं. कुणीतरी मागून विचारलं, "आण्णा, दाढी का कटिंग?" त्या माणसाची गाडी वर्षभर जमिनीवरच राहिली.

या सगळ्याला कंटाळून मी विकतचा स्टँड आणला. लपवून. रात्री अकरा वाजता, दिवा मारून, बायकोलाही न सांगता. कल्पना सोपी आहे: मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याखाली स्टँडचे दोन रबरी कप लावायचे आणि लांब दांडा खाली दाबायचा, तरफेच्या जोरावर गाडी वर. (आर्किमिडीजनेही पृथ्वी उचलायला फक्त टेकायला जागा मागितली होती. "उद्यमनगरात यायचं व्हतं, स्टँड करून दिला असता," हे आण्णांचं मत.) अडचण एवढीच, की एका हाताने गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने कप जुळवायचे आणि तिसऱ्याने दांडा दाबायचा. माझ्याकडे दोनच होते. गाडी पलीकडच्या अंगाला शांतपणे झोपली. आरसा आणि क्लचची दांडी गेली.

आवाजाला आण्णा आलेच. त्यांनी गाडी उभी केली. मग स्टँडवरचा चकचकीत स्टिकर वाचला.

"केवढ्याला?"

"अडीच हजार."

ते काहीच बोलले नाहीत. नखाने जोडावरचा रंग खरवडला, डोळे बारीक करून वेल्डिंग बघितलं, नि स्टँड काखोटीला मारून निघून गेले. दुकान बदलल्याचं नेहमीच्या वाण्याला कळावं, तसा मी रात्रभर तळमळलो. दुसऱ्या संध्याकाळी स्टँड परत आला. कोपऱ्यांना पट्ट्या मारलेल्या, पाया वीतभर रुंद केलेला, वरून रेडऑक्साईड. "आता हत्ती चढव," म्हणाले. स्टिकर मात्र काढून टाकला होता.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची खूण ओलांडून 55 फुटांच्याही वर गेली. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं त्या रात्री आण्णांनी होते नव्हते तेवढे स्टँड बाहेर काढले आणि ज्याची त्याची गाडी कट्ट्यावर, कट्ट्यावरच्या ठोकळ्यावर चढवली. पाण्याने चार बोटांचा हिशेब ठेवला नाही. गाड्या हँडलसकट बुडाल्या.

ओसरल्यावर चिखलातून पहिला माणूस आला तो आण्णा, ओरडत, "किक मारू नका! कुणी किक मारू नका!" सिलिंडरमध्ये पाणी असताना किक मारली तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. मग त्यांनी एकेक गाडी उचलली, आणि चक्क पुढचंही केलं. प्लग काढले, दुधाच्या चहासारखं झालेलं ऑइल काढलं, डिझेलने धुतलं, पुन्हा भरलं. न्हाव्याच्या खुर्चीवरही एक गाडी होती. तिला दोरीने खांबाला बांधली होती. उचलल्यावर काय करायचं असतं, ते या माणसाला सगळं येत होतं. मग इतकी वर्षं माझी चेन का वाजत राहिली, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

पेपर टाकणाऱ्या पोराची स्प्लेंडर शेवटी राहिली. तो आला तेव्हा ती माझ्याच स्टँडवर चढलेली होती.

"किती झालं आण्णा?"

"कशाचं? इंजिनाला कायसुदिक झालं न्हवतं. तेल बदललंय नुसतं, शंभर दे." आणि मग चेनकडे तोंड करून, तोंडातल्या तोंडात, "बेरिंग आन् रिंगा सोडून."

पोराला ते ऐकू गेलं नाही. मला गेलं, कारण त्या बेरिंगचं बिल मी शेडमध्ये बघितलं होतं. द्रोणाचार्यांसमोर धर्मराजाने अश्वत्थामा मेला हे मोठ्याने सांगितलं आणि हत्ती हा शब्द असाच पुटपुटला, तेव्हा त्याचा रथ जमिनीला लागला म्हणतात. मी नकळत वाकून चाकाखाली बघितलं.

आण्णाही वाकले होते. बोटं घालून बघत होते.

"पाच भरतायत," ते कुरकुरले. "जास्त झालं. उतरव."