पार्किंगपर्यंतचे प्रवासी

युरोपची सहल करून आलेल्या कुटुंबाकडे सर्वांत आधी येतो तो नकाशाप्रवासी. बॅगा अजून हॉलमध्येच उभ्या असतात, चॉकलेटांची वाटणी व्हायची असते, आणि हा खुर्ची ओढून विचारतो, “आयफेल टॉवरच्या आग्नेयेला ते लांबलचक मैदान आहे बघा. त्याच्या शेवटी लष्करी शाळा. ती पाहिलीत ना?” यजमानांनी शाळा पाहिलेली नसते. टूरवाल्याने छत्री उंच धरून दिलेल्या पाऊण तासात त्यांनी टॉवर पाहिलेला असतो, त्याच्यापुढे फोटो काढलेला असतो आणि स्वच्छतागृह शोधलेले असते. “अरेरे, म्हणजे शाळा राहिलीच,” म्हणून नकाशाप्रवासी मनापासून हळहळतो. मग घरातली सून मोबाइलवर फोटो दाखवायला घेते. तो फोटोकडे बघत नाही. त्याचा खरा प्रश्न अजून यायचा असतो. “बरं, तुमची बस कुठं लावली होती?”

पार्किंगची चौकशी हा या जातीचा कुळधर्म आहे. वास्तविक यांच्यापैकी बहुतेकांकडे चारचाकी नसते. असलीच तर ती सोसायटीत कव्हर घालून उभी असते आणि दसऱ्याला तिला हार पडतो. तरीही जगातल्या कुठल्याही आश्चर्याचे नाव काढले की नकाशाप्रवाशाला आधी त्याच्या शेजारची गाड्या लावायची जागा आठवते आणि मग, वेळ उरला तर, ते आश्चर्य.

घरबसल्या उपग्रहचित्रांवरून जग फिरण्याच्या या छंदाचा आरंभ 2005 सालचा. कीहोल नावाची एक लहान अमेरिकन कंपनी गूगलने 2004 मध्ये विकत घेतली. अमेरिकेच्या हेरगिरी करणाऱ्या उपग्रहांवरून तिने आपले नाव घेतले होते. तिच्याच सॉफ्टवेअरचे पुढच्या वर्षी जूनमध्ये ‘गूगल अर्थ’ झाले. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी त्याच वर्षी अशा चित्रांमुळे देशाच्या सुरक्षेला होऊ शकणाऱ्या धोक्याविषयी जाहीर चिंता व्यक्त केली. सामान्य माणसाने मात्र एवढे सामर्थ्य हाती आल्यावर पहिल्यांदा आपल्या बिल्डिंगची गच्ची शोधली, पाण्याची टाकी ओळखली आणि घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. बहुतेकांचा छंद तिथेच संपला. ज्याचा संपला नाही तो नकाशाप्रवासी. पुढे 2009 मध्ये इस्रोचे ‘भुवन’ आले. ते तो 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला वापरतो. उरलेले वर्षभर त्याचा अभिमान बाळगतो.

पार्किंगच्या वेडाला शास्त्रीय आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. वर्ल्डव्ह्यू-3 सारखा उपग्रह सहाशे किलोमीटरहून अधिक उंचीवरून फिरतो आणि त्याच्या सर्वांत स्पष्ट चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे 31 सेंटिमीटरचा असतो. (शहरांची फार बारकाव्याची चित्रे पुष्कळदा विमानातून घेतलेली असतात, पण हे नकाशाप्रवाशाला सांगू नये, त्याला उपग्रहच हवा असतो.) या मापात माणूस म्हणजे दोन-तीन ठिपके. मंत्री असो की मजूर, त्याच्यापेक्षा त्याची सावली मोठी. मोटारीच्या वाट्याला मात्र पुरेसे ठिपके येतात आणि ती मोटार म्हणून ओळखू येते. त्यामुळे परक्या मुलखात उतरताना पहिली ओळखीची खूण भेटते ती ओळीने लावलेल्या गाड्यांची, आणि त्यांच्या अंदाजाने बाकीच्या गोष्टींचे आकारमान कळते. आयफेल टॉवर नेमका वरून पाहिला तर एक चौकोन दिसतो. त्याची ओळख पटते सावलीवरून. उपग्रहाची नजर तिरकी असली तर तो एका अंगाला कललेला दिसतो. त्रिमितीत हीच दृश्ये पाहण्याची सोय आता आहे, पण त्यात झाडे फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी होतात, म्हणून जुन्या परंपरेतला नकाशाप्रवासी त्रिमितीला हलके समजतो.

वरून पाहण्याचे काही फायदे नक्कीच आहेत. ताजमहालाला जाऊन आलेल्यांना वाटते की तो बागेच्या एका टोकाला आहे. वरून पाहणाऱ्याला यमुनेच्या पलीकडची मेहताब बाग दिसते, ताजच्या अक्षाशी नेमकी जुळवलेली, आणि दोन्ही बागा एकत्र धरल्या की ताज मधोमध येतो. नकाशाप्रवासी हे इतके सुरेख समजावून सांगतो की ऐकणाऱ्याला त्याच्याविषयी आदर वाटू लागतो. तेवढ्यात तो विचारतो, “पूर्व दरवाज्याकडून गेलात ना? मग गाडी शिल्पग्रामलाच लावली असणार.” आदर उतरतो.

पेरूतल्या नाझ्का रेषांच्या बाबतीत तर प्रत्यक्ष जाऊन आलेला माणूसच उणा पडतो. वाळवंटाच्या पृष्ठभागावरचे काळपट दगड बाजूला सारून काढलेल्या त्या आकृत्या जमिनीवरून धड कळतच नाहीत. हमिंगबर्डची एकच आकृती नव्वद मीटरहून लांब आहे. त्यासाठी लोक छोट्या विमानात बसून पोट ढवळून घेतात. नकाशाप्रवासी चहा पीत पक्षी पाहतो, माकड पाहतो, कोळी पाहतो, आणि शेवटी सरड्यापाशी येऊन थबकतो. पॅन-अमेरिकन महामार्ग बांधताना तो सरड्याच्या शेपटीवरून नेण्यात आला. या अडाणीपणाबद्दल तो पेरूच्या त्या काळच्या बांधकाम खात्याला आपल्याकडच्या शब्दांत बोलतो. मग त्याची नजर महामार्गालगतच्या निरीक्षण-मनोऱ्याकडे जाते आणि राग निवळतो. तिथे गाडी बाजूला घेता येते.

माचू पिक्चूने त्याला पुष्कळ दिवस छळले आहे. कुस्कोहून तिथवर मोटारीने थेट जाताच येत नाही. रेल्वेने खालच्या गावात उतरायचे आणि तिथून डोंगराच्या अंगावरच्या नागमोडी रस्त्याने बसने वर चढायचे. इंकांनी एवढे दगड एकमेकांत बसवले, पण गाड्यांचा विचार केला नाही, ही खंत तो उघड बोलून दाखवतो. बस वर गेल्यावर वळते कुठे, हा त्याच्या अभ्यासाचा चालू विषय आहे.

परंतु या जातीचे खरे तीर्थक्षेत्र इंग्लंडमधले स्टोनहेंज. तिथले मोठे दगड साधारण इसवी सन पूर्व 2500 च्या सुमारास उभे राहिले, आणि विसाव्या शतकात त्यांच्या अगदी जवळ, रस्त्यापलीकडे, गाड्यांसाठी जागा करण्यात आली. 1966 मध्ये ही जागा वाढवताना जमिनीत ओळीने मोठाले खड्डे सापडले. त्यांत पाइनच्या लाकडाचे भक्कम खांब उभे केलेले होते आणि त्यांचा काळ निघाला इसवी सन पूर्व 8000 च्या आसपासचा. म्हणजे स्टोनहेंज पाहायला आलेले लोक आपली गाडी स्टोनहेंजच्या दगडांपेक्षा सुमारे साडेपाच हजार वर्षे जुन्या अवशेषांवर लावून दगड बघायला जात होते. डांबरावर त्या खड्ड्यांच्या जागी पांढरे गोल रंगवलेले होते; बहुतेकांनी ते गाड्यांसाठीच आहेत असे समजून सोडून दिले. पुढे 2013 मध्ये दगडांना खेटून जाणारा रस्ता बंद झाला, नवे पर्यटक केंद्र सुमारे अडीच किलोमीटर पश्चिमेला गेले, आणि नंतर जुने पार्किंग उखडून तिथे गवत लावण्यात आले. पुरातत्त्वप्रेमींनी या निर्णयाचे स्वागत केले. नकाशाप्रवासी मात्र 2009 पासून मिळालेल्या ‘जुनी चित्रे’ या सोयीचा आधार घेतो, काळाची पट्टी मागे सरकवतो आणि गेलेल्या पार्किंगला अधूनमधून भेटून येतो. आतून आवाज येतो, “अहो, खाली गेटसमोर कुणीतरी टेम्पो लावलाय. ते पार्किंग बघा आधी.” त्यावर त्याच्याकडे उत्तर नसते.

या प्रवासात फसगतही होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या मधल्या समुद्रात सँडी आयलंड नावाचे एक चांगले लांबरुंद बेट अनेक नकाशांवर दाखवलेले होते. गूगलच्या चित्रात त्या जागी काळा डाग होता. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांचे जहाज तिथे पोहोचले तेव्हा बेटाच्या जागी हजार मीटरहून खोल पाणी निघाले. नसलेले बेट रीतसर नकाशांवरून पुसले गेले. त्या सुमारास मुंबई-पुण्यातल्या किती नकाशाप्रवाशांना आपण त्या बेटावर जाऊन आल्याचे आठवले, याची नोंद नाही. पार्किंग नव्हते, एवढे मात्र सगळ्यांना आठवत होते.

रस्त्याच्या पातळीवरून दिसणारी चित्रे भारतात उशिरा आली. 2011 मध्ये बंगळूरला झालेला पहिला प्रयत्न पोलिसांनी थांबवला. 2022 च्या जुलैमध्ये ती दहा शहरांपासून सुरू झाली, त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होते. या चित्रांत माणसांचे चेहरे यंत्रच पुसट करते. 2016 मध्ये तर केंब्रिजमध्ये चरणाऱ्या एका गाईचाही चेहरा त्याने अदबीने पुसट केला होता. नकाशाप्रवाशाने आपल्या गल्लीत शिरून पाहिले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक पुसट चेहऱ्याचा गृहस्थ बनियन घालून दात घासताना सापडला. शेजारी दोरीवर वाळत घातलेला पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा ओळखीचा होता. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते चित्र दाखवून “ओळखा कोण” असे विचारले जाते, आणि लग्नाला अनेक वर्षे झालेली बायको दर वेळी “कोण बाई!” म्हणते.

या माणसाची टिंगल करणाऱ्यांसाठी त्याच्याजवळ एक हुकमी कथा असते, आणि ती खरी आहे. सरू ब्रायर्ली लहानपणी बऱ्हाणपूरच्या स्टेशनात एका रिकाम्या गाडीत शिरला, झोपला आणि थेट कोलकात्याला पोहोचला. गावाचे नाव त्याला धड सांगता येत नव्हते. त्याला ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियातल्या एका दांपत्याने दत्तक घेतले. मोठेपणी तो कोलकात्यातून निघणारे रेल्वेमार्ग उपग्रहचित्रांवर एकेक करून उलटे चालत गेला. 2011 मध्ये त्याला आठवणीतली स्टेशनजवळची पाण्याची टाकी सापडली, त्या टाकीवरून खांडवा आणि खांडव्यात आई. 2016 चा ‘लायन’ हा चित्रपट याच घटनेवरचा. ही कथा सांगताना नकाशाप्रवासी पार्किंगचा उल्लेख करत नाही. ऐकणाऱ्याला चुकल्याचुकल्यासारखे होते.

एवढा वेळ जवळून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट नजरेस येते. त्याच्या कपाटात पॉलिसीच्या कागदांखाली पासपोर्ट असतो, दहा वर्षांनी वेळेवर नूतनीकरण केलेला आणि आतून पूर्ण कोरा. गाडी कुठे लावायची याची चौकशी करणारा माणूस मनातून निघालेला असतो, हे त्याच्या बाजूने कबूल करावे लागते. पैसे, गुडघे, आईचे आजारपण, मुलांची शिक्षणे यांत निघणे राहून गेले, इतकेच.

या जातीतली एक पोटजात भीमेकाठची आहे. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि इंदापूर, करमाळा, कर्जत या तालुक्यांतली कितीतरी गावे त्याच्या फुगवट्याखाली गेली. जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ दुष्काळी उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. पोटजातीतला नकाशाप्रवासी काळाची पट्टी अशा एखाद्या मे महिन्यावर आणून ठेवतो. त्याच्या मागे पट्टी जाते, पण कामाची उरत नाही. वर्षागणिक जग कसे बदलले हे दाखवणारी उपग्रहचित्रांची मालिका सुरू होते 1984 पासून, म्हणजे चार वर्षे उशिरा. त्याआधीची लँडसॅटची चित्रे 1972 पासूनची आहेत, पण त्यांतला एक ठिपका सुमारे ऐंशी मीटरचा: वाडा, गोठा, चिंच आणि बांधावरून चाललेले भाऊबंदकीचे भांडण, सगळे मिळून एक ठिपका.

म्हणून तो देवळापासून अंतरे मोजत जातो. देवळापासून चावडी, चावडीपासून उजवीकडे बोळ, बोळाच्या तोंडाशी पार. पडद्यावरची पट्टी मीटरमध्ये सांगते, त्याची आठवण पावलांत असते; तीही लहान मुलाच्या पावलांत, त्यामुळे हिशेब दर वेळी थोडा चुकतो. शेवटी एका जागी तो खूण टोचतो आणि नावाच्या रकान्यात ‘घर’ लिहितो. यंत्र काहीही न विचारता ते ठेवून घेते. आजवर अशा खुणा बऱ्याच झाल्या आहेत, सगळ्या एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर.

पुतण्याला त्याने हे एकदा दाखवले. पुतण्याने मान तिरकी करून पाहिले आणि विचारले, “काका, गाडी कुठपर्यंत जाते हो तिथं?” काकांनी सोलापूर हायवेपासून काठापर्यंतचा रस्ता वळणावळणासकट सांगितला, गाळात चाक रुतेल ती जागाही सांगितली, आणि येतोस का, असे काही विचारले नाही.

दर पावसाळ्यात उजनी किती टक्के भरली याचा आकडा तो पेपरात सर्वांत आधी पाहतो. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीवरचा पुतण्याचा ऊस त्याच पाण्यावर आहे. धरण शंभर टक्के भरल्याची बातमी आली की घरात पेढे येतात आणि त्या वर्षी देऊळ काही वर येणार नाही, हेही ठरून जाते. पेढा तोंडात टाकून तो लॅपटॉप उघडतो आणि पेरूला जातो. त्या बसच्या वळणाचा प्रश्न अजून सुटलेला नाही.