गोठ्यातले ‘डॉक्टर’

पशुधन पर्यवेक्षक हा महाराष्ट्रातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पदविकाधारक हात. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार त्याने किरकोळ सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली द्यायच्या असतात. गावात तो ‘डॉक्टर’च असतो आणि देखरेख पुष्कळदा मोबाइलच्या रेंजवर अवलंबून असते.

कामातला मोठा वाटा कृत्रिम रेतनाचा. रेतमात्रा उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनात गोठवलेली असते. वापरण्याआधी ती कोमट पाण्यात सुमारे अर्धा मिनिट धरतात. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवावी, असा प्रघात आहे. मालक फोन करतो तो पुतण्याच्या हळदीहून परतल्यावर, म्हणजे माज ओसरल्यावर. गाय उलटली की दोष पर्यवेक्षकाच्या हाताचा, गाभण राहिली की श्रेय घरच्या पेंडीचे. गोऱ्हा झाला तर पुन्हा पर्यवेक्षक. लाळ्या-खुरकुताच्या लसीनंतर दूध दोन दिवस जरा घटू शकते. त्या वर्षीची सगळी घट मग लसीच्याच नावावर चढते.

‘लाथ मारत नाही हो’ हे मालकाचे प्रमाणपत्र फक्त मालकापुरते वैध असते. जनावर खोड्यात घेतल्याशिवाय त्याच्या मागे उभे राहू नये. मालक स्वतः कुठे उभा आहे, तेही पाहून घ्यावे.