गोळी देणारी फौज

फौजेच्या बोलीत ‘गोली देना’ म्हणजे बंदूक चालवणं नव्हे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत एखाद्याने कवायत शिताफीने चुकवली की त्याने ‘गोली दी’. सापडला तर रगडा ठरलेला. पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश लष्करी डॉक्टर याहून बेरकी. दुखण्याचं सोंग घेऊन येणाऱ्याला ते खरोखरचीच गोळी देत, ‘नऊ नंबर’ची. ती जुलाबाची असे. वर शेरा: औषध आणि ड्यूटी.

पण ही कला फौजेत शिकाऊच राहिली. तिला पेन्शनीपर्यंत नेऊन पोहोचवलं ते आमच्या मुलकी खात्यांनी.

राजूर हे अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातलं मोठं गाव. इथून वर भंडारदरा, रतनवाडी, घाटघरपर्यंत शाळा आणि दवाखाने विखुरलेले. कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावं, तरच घरभाडे भत्ता, असा नियम. 2019च्या सप्टेंबरात शासनाने त्यावर ग्रामसभेचा ठरावही मागितला. ठराव मिळतो. न मिळायला काय झालं? कागदावर या पट्ट्यात रात्री मुक्कामाला असणाऱ्या सगळ्यांना पाणी पुरवायचं म्हटलं, तर भंडारदरा आणि निळवंडे मिळून पुरणार नाहीत. प्रत्यक्षात दिवस कलला की गाड्यांची तोंडं संगमनेरकडे.

फौजेला एका ‘गोली’वर भागवावं लागतं. आमच्याकडे भाषेची श्रीमंती आहे: साहेब फिरतीवर आहेत, मिटिंगला गेलेत, व्हीसी चालू आहे, रेंज नव्हती. आषाढ लागला की घाटघरचा पाऊस धावून येतो. पाऊस घाटघरला, दांडी राजुरात! हजेरीला अंगठ्याचं यंत्र बसवलं, तर अंगठा दोनदा येतो. मधल्या वेळेतला माणूस कुठे असतो, हे यंत्राला विचारलेलंच नाही.

गोळी देता येत नाही ती फक्त आशाताईला. ती गावातलीच, मध्यरात्री कुणाच्या पोटात दुखलं तरी दार तिचंच वाजतं. घरभाडं तिला नाही, मिळतो तो मोबदला, तोही उशिरा. तिच्या पिशवीतल्या गोळ्या तेवढ्या पॅरासिटामॉलच्या.

राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. तिथे बैल घेणारा शेतकरी आधी जनावर चालवून बघतो. औताला बसकण मारणारा बशा निघाला, तर तो दलालाच्या दारात परत नेऊन बांधतो. सरकारी बशाची बदली होते. खालच्या तालुक्यात त्याने फारच बसकण मारली, तर शिक्षा म्हणून त्याला आदिवासी भागात, म्हणजे आमच्याकडे धाडतात. तो सकाळच्या गाडीने येतो, रुजू होतो, चहा घेतो आणि शिपायाला हळूच विचारतो, “ग्रामसभा कधी असते हो इथे?”