अकोला ते वाशिम, व्हाया समरकंद

पातूरच्या घाटात एसटीनं गिअर बदलला की सगळी बस गप्प होते. त्या इंजिनावर आवाज चढवायला वऱ्हाडी माणूससुद्धा थकतो. घाट संपून मेडशी आली, म्हणजे वाशिम जिल्हा लागला, की गप्पा जिथं तुटल्या होत्या तिथूनच पुन्हा सुरू होतात. आमच्या बसमध्ये त्या तुटल्या होत्या समरकंदला.

खिडकीपाशी बसलेली मुलगी तिकडे, उझबेकिस्तानात, एमबीबीएस करत होती. शेजारी मालेगावचे एक आजोबा. (हे मालेगाव आपलं, वाशिमचं. नाशिकचं नव्हे. हा खुलासा इथं तिकिटाबरोबरच द्यावा लागतो.) त्यांना काळजी वेगळीच.

"तिथल्या लोकायले इंग्रजी येते का व, माय?"

"येतं ना आजोबा. आपल्यासारखंच."

या 'आपल्यासारखंच'नं पुढच्या दोन रांगांनी माना वळवल्या.

मुलगी सांगू लागली. उझबेक भाषेत तो, ती आणि ते या तिघांना मिळून एकच सर्वनाम. त्यामुळे तिची मैत्रीण आईचा फोटो दाखवत कौतुकानं म्हणते, "ही इज व्हेरी गुड कुक."

"मंग बरोबरच हाय," आजोबा म्हणाले. "बाईमाणसाले 'ही'च म्हनाव."

पुढच्या सीटवरचे निवृत्त मास्तर हे ऐकून कळवळले. मराठीतली 'ही' बाई, इंग्रजीतला 'ही' बाप्या, या एका गाठीपायी त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. बरं, बाईसाठी 'शी' शिकवावं, तर वर्ग नाक धरायचा. पूर्वी हे पाचवीत घडे. २००० सालापासून सरकारनं इंग्रजी पहिलीत आणलं, त्यामुळे नाक धरायचं वय तेवढं खाली आलं.

उझबेक भाषेत आकड्यापुढे अनेकवचन लागत नाही, हे कळल्यावर मात्र मास्तरांचा चेहरा उजळला. आपणच एकटे नव्हतो, याचं समाधान मोठं असतं. ते म्हणाले, मराठीतही एक बैल, चार बैल; बैलाचं काही बदलत नाही. म्हणून पोरं बिनधास्त 'फोर बुलक' लिहायची.

"आन् यस लावून पाचवा बैल भेटते का?" आजोबांनी विचारलं.

इंग्रजीतले 'अ' आणि 'द' या दोन्ही भाषांत नाहीत. पण तिकडची मुलं ते सरळ गाळतात. आपण मात्र कांदेपोह्यांवरच्या खोबऱ्यासारखे जमेल तिथं भुरभुरवतो.

पण वऱ्हाडची खरी कामगिरी निराळी, आणि ती व्याकरणाच्या पुस्तकात नाही. वऱ्हाडी माणूस कुठलीही गोष्ट नुसती करत नाही. तो ती करून राहतो. पाऊस येऊन राह्यला, पोट दुखून राह्यलं, मले समजून राह्यलं. हाच माणूस इंग्रजीत शिरला की 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' अशी त्याची सगळी क्रियापदं चालू वर्तमानकाळात धावत सुटतात. आमचा कंडक्टर मेडशीच्या थांब्यावर चहा पीत, फोनवर कुणाला तरी "येऊन राह्यलो, येऊन राह्यलो" सांगत होता. बस जागची हललेली नव्हती.

मुलीचा मोठा घोळ शरीरशास्त्रात झाला होता. आपल्याला कमरेपासून नखापर्यंत एकच पाय. उझबेक मुलांनाही तसंच; लेग आणि फूट मिळून एक शब्द, आर्म आणि हँड मिळूनही एकच. परीक्षकाला मात्र हाड नेमकं लागतं! मला वाशिमच्या एका लॉजमधली बेसिनवरची पाटी आठवली : 'डू नॉट वॉश लेग हिअर'. ती वाचून मी पाऊल तरी चालेल का, असा विचार करत बराच वेळ उभा होतो. या बाबतीत समरकंद आणि आपलं शेलूबाजार सख्खे भाऊ.

मास्तर आता तापले. म्हणाले, पोरांचे मार्क आम्ही कापले, साहेबाचे कुणी कापले? साहेबानं वणीचं 'वून' केलं. वाशिमचं 'बासिम' केलं. बरं, नुसतं म्हटलं नाही, जिल्ह्यांना तीच नावं दिली! १९०५ साली बासिम जिल्हा मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात घातला, आणि १ जुलै १९९८ला तो परत निघाला तेव्हा कुठं तो वाशिम झाला. (मोगलांच्या दफ्तरातही 'बासिम'च आहे. म्हणजे साहेबानं कॉपी केली. पण मास्तर एवढे रंगात होते, की मी गप्प बसलो.) ज्या गावाला वाकाटकांचे ताम्रपट वत्सगुल्म म्हणतात, त्याची ही गत.

मालेगाव आलं. आजोबांनी पिशवी उचलली, धोतर सावरलं. एवढ्या विद्वानांतून मुक्यानं उतरणं त्यांना बरं वाटेना. पायरीवरून वळून, मराठी माणूस निघताना जे म्हणतो तेच त्यांनी मुलीला खणखणीत इंग्रजीत सांगितलं :

"आय ॲम कमिंग!"

आणि ते भाजीबाजाराच्या दिशेनं चालू लागले. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला घातलेला हात तसाच ठेवला.

"थांबा हो डायवर," तो ओरडला. "बाबा येऊन राह्यले."

वाशिमला आम्ही बरेच उशिरा पोचलो.