‘भरून ठेव, काय जातंय?’ म्हणणाऱ्यांस

निजामपुरा, भिवंडी

तीर्थरूप काका, मामा, चाचा आणि आमच्या गल्लीतले इतर बिनपगारी समुपदेशक यांस,



मी बारावी सायन्सला गेल्यापासून आपण माझी काळजी वाहताय आणि वाकलोय मात्र मी. जेईई दे, नीट दे, सीईटी तर द्यावीच लागते, आर्किटेक्चरची नाटा देऊन टाक, दिल्लीच्या कॉलेजांसाठी सीयूईटीही असू दे. प्रत्येक सल्ल्याला पुरवणी एकच: ‘फॉर्म भरून ठेव, काय जातंय?’

काय जातंय ते सांगतो. २०२५ साली नीटच्या फॉर्मला खुल्या गटात १७०० रुपये जात होते. पण पैशांचं सोडा. कॉलेज सुटलं की मी चुलत्यांच्या कारखान्यात हिशेबाची वही लिहितो. जेवून पुस्तक उघडेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात आणि भिंतीपलीकडे लूमची रातपाळी रंगात आलेली असते. झोप वजा जाता उरतात दोन तास. त्यात पाच परीक्षा, म्हणजे दर परीक्षेला चोवीस मिनिटं. मामा, आपण धंद्यातली माणसं. एकाच बीमवर पाच क्वालिटीचं कापड काढून दाखवाल का?

‘विषय तर तेच ना,’ असं काका म्हणतात. विषय तेच, मान्य. जेईई मेनला तीन तासांत ७५ प्रश्न, आणि उत्तर चुकलं की एक गुण कापला जातो. सीईटीला त्याच तीन तासांत १५० प्रश्न. त्यातले फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर पहिल्या नव्वद मिनिटांत उरकायचे. पण चुकलं तरी कापाकापी नाही. म्हणजे एकीकडे विचार करावा लागतो, दुसरीकडे विचार करायला फुरसत नसते. दोन्ही सवयी एकाच डोक्याला एकाच वर्षात लावायच्या, तर डोकं रिकामं हवं. माझ्या डोक्यात उधारीची खाती आहेत.

सीईटीचे सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीचे आणि २० टक्के अकरावीचे, तेही राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर. बोर्डाच्या परीक्षेला जी पुस्तकं वाचायची, तीच इथे उपयोगी पडतात. जेईईची पहिली फेरी मात्र जानेवारीत, ऐन प्रॅक्टिकलच्या तोंडावर. माझा बाकावरचा मित्र अकरावीपासून जेईईचंच करतोय. त्याने ती जरूर द्यावी, सीईटीचा वेग त्याला सरावाने येईल. उलट दिशेचा प्रवास माझ्याच्याने होणार नाही.

‘पेपर आता उर्दूत न् मराठीतही असतो,’ हे चाचांचं म्हणणंही खरं आहे. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीपुरतं. गणित इंग्रजीतच येतं, आणि सीईटीत गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, बाकीच्यांना एकेक. दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या शेजारच्या मुलाला ही बातमी फॉर्म भरताना सायबर कॅफेत कळली. त्याच्या सल्लागार मंडळात आपणच होता ना?

नीटबद्दल काय बोलावं! मी बायोलॉजी घेतलेलीच नाही, ही किरकोळ अडचण मी नम्रपणे मांडली. त्यावर ‘मग क्रॅश कोर्स लाव’ असा उपाय आला. इतकी जिद्द माझ्यात असती तर कारखान्याची उधारी केव्हाच वसूल झाली असती.

आपल्या धरसोडीला दोष देत नाही. तिला सरकारी परंपरा आहे. २०१४ साली खुद्द महाराष्ट्राने इंजिनिअरिंगसाठी आपली सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन धरली आणि २०१६ साली पुन्हा सीईटीवर आला. मंत्रालय, तज्ज्ञ, समित्या हाताशी असून राज्याला दोन वर्षं लागली. मला मात्र सायबरवाल्या भाईचं शटर पडायच्या आत ठरवायचं होतं.

तर ठरलं आहे. मी सीईटी देणार, पीसीएम गट, बस्स. रात्रीचे दोन्ही तास तिचे. त्या वेळात कोणी ‘कसा चाललाय अभ्यास?’ विचारायला येऊ नये. आल्यास उधारीची वही समोर ठेवण्यात येईल. काही नावं गल्लीतलीच आहेत.

कळावे, लोभ असावा, सल्ला नसावा.

आपला आज्ञाधारक (यापुढे नाही),
बारावी सायन्स, एक विद्यार्थी

ता. क. : नीटची कमाल वयोमर्यादा २०२२ सालीच उठली आहे. चाचा, आपली बारावी बायोलॉजीची होती, असं ऐकतो. सायबरवाला भाई रात्री उशिरापर्यंत बसतो. फोटो तेवढा पांढऱ्या पार्श्वभूमीचा आणा.